ससा नको, उंदीर नको, हातही नको: प्रयोगशाळेतल्या डासांना रक्त पाजतात तरी कसं?

जाळीच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत घातलेला हात आणि त्या हातावर तुटून पडलेले शेकडो डास. मेलबर्न विद्यापीठातले संशोधक पेरन रॉस यांचे असे फोटो २०२० च्या सुमारास सोशल मीडियावर जोरात फिरले होते. तुम्ही ते पाहिले असतील, तर पहिला विचार हाच आला असेल की हा माणूस हे का करतोय? आणि दुसरा, की याला दुसरा काही मार्गच नाही का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रॉस डेंग्यू रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डासांवर काम करतात. ते डास वाढवायचे तर त्यांनी अंडी घातली पाहिजेत, आणि अंडी घालायची तर माद्यांना रक्त मिळालं पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र बरंच मोठं आहे. मार्ग आहे, आणि तो साठ वर्षांपासून आहे. तो सापडला कारण काही संशोधकांनी एक भलताच प्रश्न विचारला होता: डासाला नेमकं काय हवं असतं? प्राणी, की प्राण्याच्या खुणा?

मुळात डास पाळायचेच कशाला?

नवं कीटकनाशक चालतं का, मच्छरदाणीवरचं औषध किती धुण्यांनंतर टिकतं, अंगाला लावायचं क्रीम खरंच डास पळवतं का, मलेरियाची लस डासाच्या पोटातल्या परजीवीला अडवते का, या सगळ्याची उत्तरं डासांशिवाय मिळत नाहीत. आणि दर वेळी गटाराकाठी जाळं घेऊन डास पकडणं परवडत नाही. वय वेगळं, जात वेगळी, आधी कुणाला चावून आलाय याचा पत्ता नाही. म्हणून संस्था स्वतःची डासांची वसाहतच पाळतात. ट्रेमध्ये अळ्या, त्यांना बारीक केलेलं माशांचं खाद्य, मग कोष, मग पिंजऱ्यात उडणारे डास. हवा दमट आणि उबदार ठेवायची, दिवसरात्रीचं चक्र दिव्यांनी सांभाळायचं.

यात खाण्याचा प्रश्न अर्धा सोपा असतो. नर आणि मादी दोघंही साखरेच्या पाण्यावर मजेत जगतात. कापसाचा बोळा साखरपाण्यात भिजवून पिंजऱ्यात ठेवला की झालं. नर तर जन्मभर रक्ताला तोंडच लावत नाही. पण मादीला अंड्यांसाठी प्रथिनं लागतात आणि ती रक्तातून येतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची मादी एकदा पोटभर रक्त प्यायली की दोन-तीन दिवसांत शंभरेक अंडी घालू शकते. रक्त नाही मिळालं तर एकही नाही. पुढच्या खेपेच्या अंड्यांसाठी पुन्हा रक्त. म्हणजे वसाहत चालू ठेवायची तर रक्ताची पंगत पुन्हापुन्हा मांडावी लागते.

एका उंदराचं गणित

वर्षानुवर्षं या पंगतीत जिवंत प्राणीच वाढले गेले. गिनीपिग, ससे, पांढरे उंदीर, हॅमस्टर, कोंबड्या. उंदराला भूल देऊन पिंजऱ्याच्या जाळीवर झोपवायचं. सशाच्या अंगावरचे केस भादरून त्याला हलता येणार नाही असं अडकवायचं आणि डासांना हवं तेवढं पिऊ द्यायचं.

आता जरा हिशेब करू. डासाची मादी एका वेळी साधारण २ ते ३ मायक्रोलिटर रक्त पिते. हा आकडा किरकोळ वाटतो. पण १००० माद्या म्हणजे २ ते ३ मिलिलिटर. आणि २५ ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदराच्या अख्ख्या शरीरात रक्त असतं जेमतेम २ मिलिलिटर. हजार डास खरोखर पोटभर प्यायले तर त्या उंदरात काही उरणारच नाही. म्हणून मग एका प्राण्यावर थोडेच डास सोडायचे, थोडाच वेळ सोडायचे, प्राणी आलटूनपालटून वापरायचे. म्हणजे जास्त प्राणी, त्यांचे पिंजरे, खाणं, भूल, पशुवैद्य, नैतिक समितीची परवानगी. आणि तरीही प्राण्याला खाज, सूज आणि अडकून पडण्याचा ताण चुकत नाही.

संशोधनाच्या बाजूनेही अडचण असते. भुलीचं औषध रक्तात असतं, ते डासाच्याही पोटात जातं. वारंवार चावले गेलेल्या प्राण्याच्या रक्तात डासाच्या लाळेविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात. आज या सशावर मिळालेलं उत्तर उद्या त्या सशावर मिळेल याची खात्री कमी होत जाते.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली. शक्य असेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरायचेच असतील तर कमी वापरा, आणि जे वापराल त्यांना कमीत कमी त्रास द्या. भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही सांगतो की टाळता येतील तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. डासांना रक्त पाजणं हे तर प्रयोगही नव्हे, ती फक्त स्वयंपाकघराची सोय. मग त्यासाठी जिवंत प्राणी का?

प्राणी नाही तर माणूस

माणसाचा हात हा पर्याय जुनाच आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवलं आणि आत डास सोडले. मोबदला ठरला, चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा. त्यातल्याच एका डासाच्या पोटात २० ऑगस्टला रॉस यांना मलेरियाचा परजीवी सापडला आणि पुढे १९०२ मध्ये नोबेलही मिळालं. शोध केवढा मोठा होता हे सगळ्यांना माहीत आहे. पण आजची कोणतीही नैतिक समिती या व्यवहाराला परवानगी देणार नाही.

स्वतःचा हात देणाऱ्या संशोधकांना आज परवानगी लागते आणि अट एकच मोठी: डास रोगमुक्त असले पाहिजेत. विषाणू किंवा परजीवी असलेल्या प्रयोगात हात घालण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय रोज हजारो डास वाढवायचे असतील तर किती हात पुरणार?

डासाला फसवायचं कसं

इथून गोष्ट खरी रंजक होते. वाटीत रक्त ओतून पिंजऱ्यात ठेवलं तर डास त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कारण आपण समजतो तसा डास रक्ताच्या वासावर येतच नाही. तो येतो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर, त्वचेच्या वासावर, घामातल्या लॅक्टिक आम्लावर आणि जवळ आल्यावर अंगाच्या उबेवर. मग तो बसतो, सोंड टोचून पाहतो, आणि आत जे लागलं त्याची चव घेऊन ठरवतो की प्यायचं की नाही.

वासाचं प्रकरण किती विचित्र आहे पाहा. मलेरिया पसरवणारा आफ्रिकेतला ॲनॉफिलिस गॅम्बिए हा डास माणसाच्या पायांच्या वासावर जितका येतो, तितकाच लिंबर्गर नावाच्या उग्र वासाच्या चीजवरही येतो. हे दाखवणाऱ्या बार्ट नोल्स आणि रुर्ड द यॉन्ग यांना २००६ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पण हा विनोद प्रयोगशाळांनी गंभीरपणे घेतला. आजही डास पडद्यावर बसत नसतील तर दिवसभर घातलेला मोजा त्या पडद्यावर घासण्याची युक्ती वापरली जाते.

चवीचं रहस्य १९६३ मध्ये उलगडायला लागलं. राहेल गालून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशींमध्ये ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू मिळाला की एडिसच्या माद्या गटागटा पितात. नंतर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लेस्ली वॉशल यांच्या गटाने सोंडेतल्या चेतापेशींपर्यंत जाऊन पाहिलं. एटीपी, मीठ, सोडियम बायकार्बोनेट आणि ग्लुकोज एवढ्या चार गोष्टी पाण्यात योग्य प्रमाणात मिसळल्या की मादीला ते रक्तच वाटतं. ती पोट फुगेपर्यंत पिते. अंडी मात्र होत नाहीत, कारण त्या पाण्यात प्रथिनंच नसतात.

म्हणजे डासाला प्राणी नकोच असतो. त्याला ऊब हवी, ओळखीचा वास हवा, टोचायला ताणलेली कातडी हवी आणि आत ओळखीची चव. या चार गोष्टी सुट्या करून पुन्हा जोडल्या की ससा बाजूला होतो.

काचेचा ससा

१९६४ मध्ये रटलेज, वॉर्ड आणि गूल्ड या तिघांनी एक साधं काचेचं उपकरण मांडलं. त्याचे वेगवेगळे अवतार आजही जगभर वापरले जातात. उलट्या वाटीसारखं दुहेरी भिंतीचं भांडं. दोन भिंतींच्या मधून रबरी नळ्यांनी कोमट पाणी फिरत राहतं. भांड्याच्या खालच्या तोंडावर पातळ पडदा ताणून बांधायचा, वरच्या नळीतून थोडं रक्त सोडायचं आणि भांडं पिंजऱ्याच्या जाळीवर टेकवायचं. रक्त ३७ अंशांच्या आसपास राहतं. डास खालून येतात, जाळीला लटकतात आणि पडद्यातून सोंड वर खुपसतात. अर्ध्या-पाऊण तासात त्यांची पोटं लालबुंद माणकासारखी दिसायला लागतात.

त्यानंतर विजेवर तापणारी छोटी धातूची भांडी आली. हिमोटेक या ब्रिटिश यंत्राचं नाव या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्र चांगलं आहे, पण परदेशातून मागवायचं म्हणजे खर्च आलाच. मला स्वतःला जास्त आवडलेली युक्ती ब्राझीलच्या साव पावलो विद्यापीठातली आहे, २०१३ ची. नाव ग्लायट्यूब. प्रत्येक प्रयोगशाळेत पडलेली असते ती ५० मिलिलिटरची प्लास्टिकची नळी घ्यायची, तिच्यात गरम केलेलं ग्लिसरीन भरायचं, झाकणाला भोक पाडून तिथे ताणलेला पॅराफिल्म लावायचा आणि त्यावर रक्त. ग्लिसरीन हळूहळू थंड होतं, तेवढ्या वेळात डासांचं जेवण उरकतं. वीज नाही, पंप नाही, रबरी नळ्या नाहीत.

पडदा कशाचा, यावर प्रत्येकाची आवड वेगळी. पॅराफिल्म म्हणजे प्रयोगशाळेत बाटल्यांची तोंडं बंद करायला वापरतात ती मेणचट, ताणली जाणारी पट्टी. ती स्वस्त आणि स्वच्छ. पण काही जातींचे डास तिच्याकडे पाठ फिरवतात. मग कोलॅजेनचा पडदा, सॉसेज भरायला वापरतात तसा आतड्याचा पापुद्रा किंवा खाटकाकडून आणलेली कोंबडीची कातडी.

आणि रक्त? ते कत्तलखान्यातून आणता येतं किंवा रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त परवानगीने मिळू शकतं. रक्त गोठलं तर डासाची सोंडच अडकेल, म्हणून त्यात हेपरिन किंवा सायट्रेट घालतात, नाहीतर ताजं असतानाच घुसळून त्यातले तंतू काढून टाकतात. कोमट रक्तात जिवाणू भराभर वाढतात, त्यामुळे एकदा वापरलेलं रक्त पुन्हा वापरायचं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे ‘जिवंत प्राण्याविना’ आहे, ‘प्राण्याविना’ नाही. कत्तलखान्यातलं रक्त गाई-म्हशींचं किंवा मेंढीचंच असतं. बाजारात विकत मिळणारं मेंढीचं रक्त बऱ्याचदा जिवंत मेंढीचंच काढलेलं असतं. आणि रक्त गोठू न देणारं हेपरिनही बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून बनतं. ‘क्रूरतामुक्त डास’ अशी पोस्ट कुणी टाकली तर एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

जिथे हा डास हट्ट धरतो

सगळ्याच डासांना ही फसवणूक पटत नाही. जंगलातून किंवा गावातून ताजे पकडलेले डास काचेच्या भांड्याकडे फिरकत नाहीत. त्यांना आधी काही तास साखरपाण्याविना उपाशी ठेवावं लागतं. रात्री चावणाऱ्या ॲनॉफिलिससाठी खोलीत अंधार करावा लागतो. काही पिढ्यांनंतर ते सरावतात. पण त्यातही मेख आहे: ज्यांना पडदा आवडला त्यांचीच पिल्लं पुढे येतात आणि हळूहळू वसाहत बाहेरच्या डासांपेक्षा वेगळी होत जाते.

रक्त कुणाचं आहे यानेही फरक पडतो. वोल्बाकिया नावाचा जिवाणू एडिस डासात सोडला की डासातून डेंग्यू पसरणं कमी होतं. इंडोनेशियातल्या योग्याकार्तामध्ये अशा डासांमुळे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआर संस्थेनेही असे डास तयार केले आहेत. पण वोल्बाकियाच्या एका विशिष्ट प्रकाराबाबत २०११ मध्ये दिसलं की माद्यांना माणसाऐवजी इतर प्राण्यांचं रक्त दिलं तर अंड्यांची वाढ जास्तच बिघडते. या क्षेत्रातले लोक इतके दिवस मानवी रक्तावर का अडून बसले, याचं एक कारण इथे सापडतं.

आणि काही चाचण्या अजून प्राण्यांवरच चालतात. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक ‘बोगदा चाचणी’ आहे. लांबट काचेच्या बोगद्यात एका टोकाला डास, दुसऱ्या टोकाला आमिष म्हणून गिनीपिग किंवा ससा आणि मध्ये भोकं पाडलेली जाळी. रात्रभरात किती डास पलीकडे गेले, किती प्यायले, किती मेले हे मोजायचं. इथे प्राणी फक्त जेवण नसतो. त्याचा वास, श्वास आणि ऊब हा चाचणीचाच भाग असतो, म्हणून बदल करणं अवघड जातं.

अंगाला लावायच्या क्रीमची चाचणी तर माणसाचाच हात पिंजऱ्यात घालून होते. तिथे एक चांगला पर्याय २०२३ मध्ये समोर आला. अमेरिकेतल्या राइस आणि टुलेन विद्यापीठांच्या गटाने जेलीसारख्या पदार्थाचे छोटे तुकडे थ्री-डी प्रिंट केले, त्यात रक्त वाहायला बारीक नलिका ठेवल्या आणि वर कॅमेरे लावले. कोणता डास बसला, कोणता प्यायला, हे संगणक मोजत होता. डीईईटी आणि लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल लावलेल्या तुकड्यांवर एकही डास प्यायला नाही.

खरं रक्तच नको म्हटलं तर?

कृत्रिम रक्तावरही काम झालंय. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात ‘स्किटोस्नॅक’ नावाचं मिश्रण तयार झालं आणि एडिस डास त्यावर वाढवता येतात हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा मोठा फायदा म्हणजे प्रत्येक घाण्यात घटक तेच आणि तेवढेच असतात. अंडी हवीत एवढंच काम असेल, तर असं मिश्रण पुढे पुष्कळ प्राणी वाचवेल असं मला वाटतं.

मलेरियाच्या प्रयोगात मात्र ते चालत नाही, कारण परजीवी तांबड्या रक्तपेशीच्या आतच राहतो. पडदा आणि काचेचं भांडं यांचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो इथेच. फाल्सिपेरम हा जीवघेणा मलेरियाचा परजीवी १९७६ पासून प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो. त्याचं रक्त दोन भांड्यांत वाटायचं, एकात लस घेतलेल्या माणसाची प्रतिपिंडं घालायची, दुसऱ्यात नाही आणि मग दोन्हीकडच्या डासांची पोटं तपासायची. प्रतिपिंडांनी परजीवी अडवला की नाही, हे थेट दिसतं. जिवंत प्राण्यावर एवढी स्वच्छ तुलना करताच येत नाही.

व्हायव्हॅक्स मलेरियाचं तसं नाही. तो प्रयोगशाळेत सलग वाढवणं अजून जमलेलं नाही. त्याच्यासाठी ताज्या रुग्णाचं ताजं रक्तच लागतं. गोव्यात नेमकं हेच काम झालं आहे. शहरी भागात बांधकामांवर आणि टाक्यांमध्ये वाढणारा ॲनॉफिलिस स्टीफन्साय हा तिथला मुख्य वाहक. रुग्णांच्या संमतीने घेतलेलं रक्त काचेच्या भांड्यातून प्रयोगशाळेत वाढवलेल्या आणि बाहेरून गोळा केलेल्या अशा दोन्ही डासांना दिलं गेलं. दोन्ही प्रकारच्या डासांना व्हायव्हॅक्सची लागण होऊ शकते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

अशा प्रयोगात घाई फार असते. रुग्णाच्या दंडातून रक्त काढलं की ते लगेच ३७ अंशांवर ठेवावं लागतं. काही ठिकाणी त्यासाठी कोमट पाण्याचा साधा थर्मासच वापरतात. रक्त थोडं जरी थंड झालं तरी परजीवीची समजूत होते की आपण डासाच्या पोटात पोचलो, आणि तो नळीतच पुढच्या अवस्थेत जायला लागतो. मग ते रक्त डासांना पाजून काही उपयोग नसतो.